रोजनिशीची साक्ष आणि टॅरोचीं पानें

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नव्या तऱ्हेची वही दिसूं लागली आहे. तींत जमाखर्च नसतो आणि वाचलेल्या ग्रंथांचीं टिपणेंही नसतात. सकाळीं टॅरोच्या 78 पत्त्यांचा संच पिसावा, त्यांतून एक पान ओढावें, तारीख, पानाचें नांव व तें पाहतांच मनांत आलेला विचार वहींत लिहावा. रात्रीं पुन्हां वही उघडून त्या पानाचा प्रत्यय दिवसभरांत कोठें आला तें नोंदवावें, असा तिचा विधि आहे. कांहीं महिने हा नेम चालविला म्हणजे पानें आपल्याशीं बोलूं लागतात आणि साधना सखोल होते, असें ह्या विद्येचे शिक्षक सांगतात. रस्त्याच्या कडेला पोपटाकडून चिठ्ठी काढविणाऱ्या ज्योतिष्याला हंसणारी मंडळीच हा नेम श्रद्धेनें पाळतांना दिसतात. पोपटाची जागा स्वतःच्या हाताला दिली आणि शेजारीं वही ठेवली, एवढ्यानें गोष्ट शास्त्रशुद्ध झाली असें त्यांस वाटत असावें. आमचा वाद पत्त्यांशीं थोडा आहे. ह्या वहीशीं मात्र मोठा आहे, कारण येथें एका प्रामाणिक साधनाला खोटी साक्ष द्यावयास लावलें जात आहे.

रोजनिशी म्हणजे मनुष्यानें स्वतःच्या विस्मरणाविरुद्ध उभा केलेला साक्षीदार होय. आपली स्मृति खुशामती असते. आपल्या मताला जें सोयीचें तें ती जपते आणि गैरसोयीचें तें हळूच टाकून देते. कागदावरील शाई असें करीत नाहीं. म्हणूनच दुकानदार कीर्द ठेवतो, जहाजाचा कप्तान नोंदवही ठेवतो, आणि प्रयोगशाळेंतील विद्यार्थ्याला आकडे खोडूं नकोस म्हणून बजावलें जातें. ह्या सर्व वह्यांचा धर्म एकच: नोंद वेळच्या वेळीं व्हावी, ती मागाहून बदलूं नये, आणि जमेच्या बाजूइतकीच नांवेंची बाजूही लिहिली जावी. केवळ जमा लिहिणाऱ्या दुकानदाराची कीर्द फार सुंदर दिसेल. त्याचें दिवाळें त्यामुळें टळणार नाहीं.

आतां टॅरोच्या वहींतील नोंद पाहूं. 'मनोरा' नांवाचें एक पान आहे; त्यांत विजेच्या तडाख्यानें मनोरा पेटला आहे व माणसें खालीं कोसळत आहेत. हें पान सकाळीं निघालें आणि दुपारीं कचेरींत वरिष्ठांशीं खटका उडाला, तर रात्रीं 'प्रत्यय आला' असें लिहिलें जातें. दिवस शांततेनें गेला, तर पडझड अंतर्मनांत चालू आहे असें लिहितां येतें. दिवस आनंदाचा गेला, तर जुन्या काळजीचा मनोरा ढासळला, असेंही लिहितां येतें. 'मृत्यु' ह्या पानाचा अर्थ परिवर्तन असा घ्यावयाचा, हें तर आरंभींच शिकवितात. आणि ज्यांत कांहींच परिवर्तन झालें नाहीं असा दिवस कोणाच्या आयुष्यांत उगवतो? जें कोणत्याही दिवसानें खोटें ठरत नाहीं, तें कोणत्याही दिवसानें खरेंही ठरत नाहीं. कोकणांत आणि गोव्यांत देवाला कौल लावतात. त्यावर विश्वास ठेवा वा ठेवूं नका, पण तेथें उजवें कीं डावें एवढें उत्तर तरी निश्चित मिळतें. येथें प्रश्न मोघम, पान मोघम, आणि अर्थ रात्रीं बेतून घेतलेला! घोडें वरातीमागून निघतें आणि तें सर्वांच्या पुढें होतें अशी नोंद वहींत होते.

साधकांना सर्वांत अधिक भारून टाकणारी गोष्ट म्हणजे पुनःपुन्हां येणारें पान. एकच पान थोड्या दिवसांत परत आलें, म्हणजे त्यांत गूढ संकेत मानला जातो. येथें थोडें गणित करावें. रोज सर्व 78 पानें नीट पिसून एक ओढलें, तर अवघ्या 11 दिवसांत कोणतें तरी एक पान दुसऱ्यांदा येण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. 30 दिवसांत एकही पान परत न येण्याचा संभव 500 मध्यें एकाहूनही कमी असतो. म्हणजे पान परत आलें तर नवल नाहीं. महिनाभर एकही परत न आलें, तरच पत्ते नीट पिसले जातात कीं नाहीं अशी शंका घ्यावी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला कधीं एक गांठ पडते, हें आपल्या आजीला ठाऊक होतें. तें तारीखवार लिहून ठेवल्यानें कावळ्याचें वजन वाढत नाहीं.

ह्या विद्येच्या प्राचीनतेचा जो दबदबा सांगतात, त्याचीही कथा अशीच. टॅरो हा पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत निपजलेला पत्त्यांचा खेळ. फ्रान्समध्यें तो आजही हुकुमाचा खेळ म्हणून खेळला जातो. 1781 मध्यें आंत्वान कूर द जेबलें ह्या फ्रेंच पंडितानें तीं पानें म्हणजे प्राचीन मिसरी पुरोहितांचें ज्ञान होय, असें जाहीर केलें. त्या वेळीं मिसरची चित्रलिपि युरोपांत कोणालाही वाचतां येत नव्हती. शांपोल्योंनें तिचा उलगडा केला तो 1822 मध्यें, आणि तींत ह्या पत्त्यांचा मागमूसही निघाला नाहीं. आज सर्वाधिक परिचित असलेलीं चित्रें आर्थर एडवर्ड वेट ह्यांच्या योजनेवरून पामेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीनें काढलीं व तीं 1909 मध्यें लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेच्या 120 पानांवर तर प्रत्यक्ष विष्णूचे अवतार रंगविलेले असतात. तरी गंजिफेची कीर्ति खेळ म्हणूनच आहे.

सोयीच्या नोंदींचा मोह नवा नाहीं. 1620 मध्यें बेकननें एक जुनी गोष्ट आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. नवस करून जहाजाच्या अपघातांतून वांचलेल्यांचीं चित्रें एकाला देवळांत दाखविण्यांत आलीं, तेव्हां त्यानें विचारलें कीं, नवस करूनही जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत? टॅरोची वही हें तसलेंच देऊळ. आणि जें मोघम तें प्रत्येकाला आपलेंच वाटतें, हेंही सिद्ध झालेलें आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर ह्यांनीं 1948 मध्यें 39 विद्यार्थ्यांना स्वभावाचें विश्लेषण म्हणून एकच मजकूर वांटला, आणि तो आपणांस कितपत लागू पडतो ह्याचे 5 पैकीं गुण मागितले, सरासरी 4.26 आली. साऱ्या वर्गाला एकाच कागदाचा प्रत्यय आला होता!

ह्यावर एक सभ्य उत्तर दिलें जातें: आम्ही भविष्य पाहतच नाहीं, पान हा केवळ आरसा, त्यांत आम्ही आपलें मन पाहतों. चित्र पाहून मन जागें होतें हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यासाठीं कोणतेंही चित्र पुरें; मग ठराविक अर्थांचीं कोष्टकें, उलट्या पानाचे निराळे अर्थ आणि शुल्क घेणारे शिक्षक कशाला? आणि 'नोकरी सोडूं काय', 'हें स्थळ पत्करूं काय' असले प्रश्न आरशाला कोण विचारतो? हरकत घेतली कीं पान आरसा होतें. हरकत घेणारा उठून गेला कीं तेंच पुन्हां भविष्यवेत्तें होतें. लिहिल्यानें मनाचा गुंता सुटतो, असें कोणी म्हटलें तर तेंही आम्ही मान्य करूं. पण तो गुण वहीचा आहे. त्याचें श्रेय पानाला देणें म्हणजे पथ्यानें बरें व्हावें आणि ताईताला नमस्कार करावा, तशांतला प्रकार.

कोणी म्हणेल, एवढ्याशा छंदासाठीं इतका गहजब कां? कारण वही भरत जाते तसा तिचा अधिकार वाढतो. शंभर दिवसांच्या नोंदी समोर ठेवून 'हा माझा स्वतःचा अनुभव आहे' असें म्हणतां येतें, आणि मग शिक्षण पुढें चालवावें कीं नाहीं, कर्ज काढावें कीं नाहीं, आजाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरला दाखवावें कीं नाहीं, ह्यांचा कौल तिच्याकडून घेतला जातो. अंधश्रद्धा परंपरेच्या नांवानें आली तर सुशिक्षित मनुष्य सावध असतो. ती पुराव्याचा वेष घेऊन आली म्हणजे तो तिला बसावयास पाट देतो.

ज्यांना आमचें म्हणणें कठोर वाटेल त्यांनीं वहीलाच विचारावें. सकाळीं घरांतील दुसऱ्या कोणीं तुमच्यासाठीं एक पान ओढून तें पाकिटांत बंद करावें. तुम्हीं तें पाहूं नये. रात्रीं प्रथम दिवसाचा वृत्तांत शाईनें लिहावा. नंतर तें पान इतर चार पानांत मिसळून समोर मांडावें, आणि आजच्या दिवसाचें पान कोणतें तें तुम्हीं ओळखावें. बरोबर व चूक दोन्ही लिहावीं. केवळ नशिबानें 100 दिवसांत सुमारें 20 वेळां ओळख पटेल. ती त्याहून फार अधिक वेळां पटली, तर पानांविषयीं पुन्हां बोलूं. अशी कसोटी आपल्याकडे नवी नाहीं. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या महाराष्ट्रांतील ज्योतिष्यांना देऊन त्या ओळखावयास सांगितल्या. 2009 मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत 27 ज्योतिष्यांचें सरासरी यश 46 टक्के भरलें. नाणें उडवून 50 मिळतात.

रोजनिशी अवश्य ठेवावी. पत्तेही हौसेनें खेळावेत. परंतु पढविलेल्या साक्षीदाराच्या जबानीवर आपल्या आयुष्याचा निवाडा करूं नये.