एका फेरीत दोन इंटरव्ह्यू

सुट्टीत गावी गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. पेण-रोह्याकडची मुलं एमएस्सी करून पीएचडीच्या मुलाखतींना जायला लागली आहेत. बोलावणी येतात ती नेमकी मे-जूनमध्ये, एकदम. मग विचारतात, "बंगळूरला दोन ठिकाणी बोलावलंय. एकाच फेरीत उरकलं तर वाईट दिसेल का? आणि त्यांना सांगायचं का?"

माझं मत विचाराल तर उरकावंच. आणि सांगावंही.

रोह्याहून बंगळूर म्हणजे आधी मेमूने पनवेल, मग पुणं, मग उद्यान एक्सप्रेसमध्ये एक रात्र. हे पंधरा दिवसांत दोनदा करण्यात कसला आलाय शिष्टाचार? आयआयएससी, रामन इन्स्टिट्यूट, एनसीबीएस सगळं एकाच शहरात. पुण्यात तर आयसर आणि एनसीएल पाषाणला अगदी शेजारी-शेजारी.

सांगायला मात्र मुलं बिचकतात. "त्यांना वाटेल आपल्याला इंटरेस्ट नाही!" अहो, समोरच्या प्राध्यापकानेही त्याच्या काळी चार ठिकाणी अर्ज केलेले असतात. गणपतीत आपण एका दिवसात दहा घरी दर्शनाला जातो, कोणी रागावतं का? उलट काकूच विचारतात, "आता पुढे कोणाकडे?" राग येतो तो आरतीच्या मध्येच घड्याळ बघणाऱ्याचा.

तेव्हा पहिला नियम, ज्याच्याकडे गेलात त्याला त्याचा पूर्ण वेळ द्या. मुलाखत झाली की बॅग उचलून पळू नका. तिथल्या पीएचडीच्या मुलांबरोबर मेसमध्ये जेवा. गाईड कसा आहे, फेलोशिप वेळेवर येते का, हे वेबसाइटवर नसतं, तिथेच कळतं.

दुसरं, तारीख बदलून हवी असेल तर पत्र आल्याबरोबर मागा, आणि खरं कारण लिहा. आदल्या दिवशी "ताप आलाय" नको.

तिसरं पैशाचं, आणि इथेच खरी गोम आहे. बऱ्याच संस्था रेल्वेभाडं देतात. एका तिकिटाचं भाडं दोघांकडून घेणं म्हणजे चक्क खोटं बिल. "सरकारचाच पैसा आहे" हे त्यावर उत्तर नव्हे. दोन्ही ऑफिसांना आधीच मेल टाका: जाण्याचं भाडं तुमच्याकडे मागतो, येण्याचं त्यांच्याकडे, चालेल का? सहसा कोणी नाही म्हणत नाही. गेस्टहाउसची जादा रात्रही विचारून घ्या, आणि तिचे पैसे आपले आपण भरा.

चौथं, दोन्हीकडे निवड झाली तर एक जागा ताबडतोब सोडा. तुम्ही धरून ठेवलेल्या जागेसाठी वेटिंग लिस्टवर दुसरा कोणीतरी, कदाचित तुमच्याच तालुक्यातला, बसलेला असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशावर उत्तर द्यायला 15 एप्रिल ही सामाईक मुदत मान्य केली आहे. तोवर कोणी घाई करत नाही, पण आधीच ठरलं असेल तर आधी कळवणं हेच सभ्यपणाचं. आपल्याकडे अशी सामाईक तारीख असती तर किती बरं झालं असतं!

आता दुसरी बाजू. सगळा शिष्टाचार मुलांनीच का पाळायचा? रोह्याच्या मुलाने आधी पदरचे पैसे घालून तिकीट काढायचं, आणि भाडं हातात पडायला कधी कधी महिने. वडील धाटावच्या कारखान्यात रोजंदारीवर असतील तर ही रक्कम लहान नसते. एका शहरातल्या संस्थांनी आपसात बोलून लागोपाठच्या तारखा दिल्या, तर खर्च त्यांचाही वाचेल. फार अवघड काम नाही, दोन ऑफिसांमधला एक फोन आहे.

तोवर मुलांनो, एकाच फेरीत उरका. फक्त लपवाछपवी करू नका. लपवलं की साधी काटकसरसुद्धा लबाडी वाटायला लागते.