टायर कुठल्या रस्त्याचे?

आमच्या स्कॉर्पिओचे टायर गुळगुळीत झालेत. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. चिरंजीवांना ऑल टेरेन हवेत, कारण गावच्या घराआधी दीड किलोमीटर लाल चिखल. खरंय. गेल्या गणपतीत तिथे गाडी ढकलताना माझी चप्पल गेली (अजून सापडली नाही!).

पण मंडळी, गावी आम्ही जातो वर्षातून दोनदा. एरवी भर पावसात डांबरी रस्त्यावरून नातीला शाळेत सोडते सूनबाई. ऑल टेरेनचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद. म्हणून चिखलात पकड मिळते. पण त्यामुळेच डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी सहसा थोडी पुढे जाऊन थांबते. त्या चार हातांत कुणाचं तरी पोर असू शकतं. शिवाय आवाज, डिझेलही जास्त.

माझं मत हायवे टेरेनला. गणपतीत गाडी डांबरावर ठेवू आणि चालत जाऊ.

दुकानात मात्र मी स्वतः जाणार. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. मागच्या वेळी नवे म्हणून घेतलेले टायर तीन वर्षं जुने निघाले. मास्तर असून वाचायचं राहिलं!