तालुक्याचे गणित कच्चे नसते



गणितात पुढे जायचे असेल तर बारावीनंतर थेट पुणे गाठावे, तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षे वाया जातात, असे एका पत्रलेखकाने लिहिले आहे. मला ते मुळीच मान्य नाही. मी श्रीगोंद्यात बी.एस्सी. केले आणि मगच एम.एस्सी.ला पुण्याच्या विद्यापीठात गेलो.

अभ्यासक्रम विद्यापीठाचाच होता, परीक्षाही विद्यापीठाचीच. फरक होता वर्गाच्या आकारात. तिसऱ्या वर्षाला आम्ही नऊ जण. एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी मला फळ्यापाशी उभे केले. ‘तू एप्सिलॉन दे, मी डेल्टा शोधतो,’ म्हणाले. मग उलट. घंटा होऊन गेली, हात खडूने पांढरे झाले, तरी आमचे चालूच. भरगच्च वर्गात हे कोण करील?

पुस्तके कमी होती आणि इंग्रजी कच्चे, त्यामुळे पुण्यातले पहिले सत्र जड गेले, हे कबूल. पण लिंबाच्या बागेतले काम सांभाळून शिकता आले, खोलीभाडे वाचले. ते भाडे तेव्हा भरावे लागले असते तर गणितच सुटले असते. शिवाय गणिताला मोठे शहरच लागते असे नाही; ६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखवणारे द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते, हेही विसरू नये.

आता तर २०२१च्या नियमांनुसार मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात; म्हणजे तालुक्यात शिकलेले वाया जात नाही. पत्रलेखकांनी मुलांना गाव सोडायला सांगण्यापेक्षा तालुक्यातल्या गणिताच्या प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरा, अशी मागणी करावी. त्या मागणीपत्रावर मीही सही करीन.

– एक वाचक, श्रीगोंदा