तबल्याची शाई आणि पदार्थविज्ञानाचा वर्ग

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची ध्वनिशास्त्राशी ओळख होते ती नादकाट्याने. रबरी ठोकळ्यावर नादकाटा आपटायचा, तो अनुनाद नळीच्या तोंडाशी धरायचा, नळीतील पाण्याची पातळी खाली-वर करून आवाज कोठे घुमतो ते पाहायचे आणि त्यावरून हवेतील ध्वनीचा वेग काढायचा. वीस अंश सेल्सियस तापमानाला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर यावा, अशी अपेक्षा असते. बहुधा तो येतो, अथवा आणवला जातो. प्रयोगवहीवर स्वाक्षरी होते आणि विषय संपतो. पुढे ताणलेल्या तारेचे आणि गोल पडद्याचे समीकरण फळ्यावर येते, परीक्षेत ते उतरवले जाते आणि निकालानंतर विस्मरणात जाते.

तोच विद्यार्थी सायंकाळी भजनाला जातो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावली जाते, हातोडीचे ठोके देत तबला सुरात आणला जातो, हे सारे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. सकाळचे समीकरण आणि सायंकाळचा पखवाज एकाच शास्त्राची दोन रूपे आहेत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. विद्येचा आणि जीवनाचा हा तुटलेला धागा ही आपल्या उच्च शिक्षणाची जुनी व्याधी आहे. ध्वनिशास्त्रात ती अधिक खटकते, कारण या विषयात जगाला सांगण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ आहे आणि ते एका भारतीय शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी सांगूनही ठेवले आहे.

रामन यांचा विस्मृत अध्याय

चंद्रशेखर व्यंकट रामन हे नाव घेताच १९३० चे नोबेल पारितोषिक आणि प्रकाशाचे विकिरण आठवते. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आपण त्याच स्मरणार्थ साजरा करतो. परंतु प्रकाशाकडे वळण्यापूर्वी आणि त्यानंतरही रामन हे नादाचे उपासक होते. १९०७ साली ते सरकारी वित्त खात्यात अधिकारी म्हणून कोलकात्यास आले आणि नोकरी सांभाळून सकाळ-सायंकाळ बहूबाजारातील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत प्रयोग करू लागले. १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्वकीयांच्या देणग्यांवर उभी केलेली ही संस्था म्हणजे पारतंत्र्यातील वैज्ञानिक स्वावलंबनाचा पहिला मोठा उद्गार होता. तेथे मोजक्या साधनांनिशी रामन यांनी व्हायोलिनचा अभ्यास केला, तसाच मृदंग, वीणा आणि तंबोऱ्याचाही केला.

१९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवरील टिपण प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये त्याच विषयावर विस्तृत निबंध लिहिला. १९२७ साली जर्मन भाषेतील ‘हँडबुख डेर फिजिक’ या पदार्थविज्ञानाच्या महाग्रंथातील वाद्यांवरील प्रकरण रामन यांनीच लिहिले. जर्मनीने ज्याला या विषयाचा अधिकारी पुरुष मानले, त्याचे हे कार्य आपल्या पदवीच्या वर्गात किती ठिकाणी शिकवले जाते?

शाईने काय साधते?

विषय नेमका काय आहे, हे समजून घेतले पाहिजे. ताणलेली तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निर्माण होतात. हे पूर्णांकी नाते कानाला सुरेल वाटते. एकसारख्या जाडीच्या गोल पडद्याचे तसे नाही. त्याचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा आडवळणी प्रमाणात पडतात. म्हणूनच साध्या ढोलाचा ठोका दणदणीत असतो, पण त्यातून स्पष्ट स्वर निघत नाही.

तबल्याच्या आणि मृदंगाच्या कारागिराने या अडचणीवर शाईचा तोडगा काढला. लोखंडाची पूड आणि खळ यांचे मिश्रण पुडीच्या मध्यावर थरावर थर देऊन बसवायचे, दगडाने घोटायचे, मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवायचे. या वाढीव वजनामुळे पडद्याच्या निरनिराळ्या कंपनांच्या कंपनसंख्या सरकतात आणि पूर्णांकी प्रमाणाच्या जवळ येतात. पडद्याची पहिली नऊ कंपने मिळून पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात, हे रामन यांनी दाखवून दिले. चर्मवाद्य तंतुवाद्यासारखे बोलू लागले, ते असे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही पुष्कर वाद्यांच्या मुखावर नदीकाठच्या मातीचा लेप देण्याचा विधी आहे. म्हणजे पडद्यावर भार देऊन स्वर साधण्याची ही विद्या आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

तंबोऱ्याची कथा याहून रंजक आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो ते उपस्वर उमटत नाहीत, असा यंग यांचा नियम पाठ्यपुस्तकात असतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर गायब झाले पाहिजेत. तंबोऱ्यात ते ऐकू येतात, हे रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले. घोडीचा माथा किंचित वक्र असतो आणि तार त्याला हलकेच घासत कंप पावते. जवारी साधते ती याच स्पर्शातून. तारेखाली सुताचा धागा सरकवला की हा स्पर्श नेमका जुळतो आणि नाद उमलतो. धागा काढला की तोच तंबोरा कोरडा बोलतो.

आज हा प्रयोग करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. एक तंबोरा, एक तबला आणि आवाजातील उपस्वरांचा आलेख दाखवणारे विनामूल्य सॉफ्टवेअर असलेला भ्रमणध्वनी एवढे पुरेसे आहे. धागा असताना आणि नसताना असे दोन आलेख विद्यार्थ्याने स्वतः काढावेत. त्यातील फरक तो आयुष्यभर विसरणार नाही.

अभिमान आणि मोजमाप

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, विज्ञान वैश्विक आहे, त्यात भारतीय तंबोरा कशाला? नियम वैश्विक आहेत, हे मान्यच आहे. परंतु त्या नियमांच्या मंदिरात शिरण्याचे दार प्रत्येक समाजाच्या अंगणातच असते. युरोपातील विद्यार्थी पियानो आणि ऑर्गनमधून ध्वनिशास्त्र शिकतो, तेव्हा त्याला कोणी संकुचित म्हणत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांना उद्देशून घेतला पाहिजे. ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ एवढे म्हणून थांबण्याची सवय घातक आहे. कारागिराला शाई कशी लावावी हे ठाऊक होते. पडद्याच्या कंपनांचे गणित त्याने मांडले नव्हते. ते काम रामन यांनी केले, आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ व रॅले यांचे ग्रंथ आत्मसात करून केले. यात उणेपणा कसला? परंपरेच्या हाताला शास्त्राची दृष्टी मिळाली, हाच त्यातील गौरव आहे.

आपल्या परंपरेलाही मोजमापाचे वावडे नव्हते. भरतांनी श्रुती समजावताना दोन सारख्या वीणा घेतल्या, एक स्थिर ठेवून दुसरीचे स्वर पायरीपायरीने उतरवले. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ ग्रंथात तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली. महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल या डेप्युटी कलेक्टराने अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे साहाय्य घेऊन बावीस श्रुतींची कंपनप्रमाणे निश्चित करण्याचा ध्यास घेतला आणि १९१० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटले नाहीत. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभाई आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष वादनातील स्वरांचे मापन प्रसिद्ध केले, तेव्हा वादकांचे स्वर ठरावीक प्रमाणांत बांधलेले नाहीत असे आढळले. असा निष्कर्ष आला म्हणून श्रुतिविचार लहान होत नाही. तो अधिक खोलात शिरून अभ्यासण्याजोगा होतो. ज्या अभिमानाला मोजपट्टीची भीती वाटते, तो अभिमान फार काळ टिकत नाही.

आता निमित्त आहे

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के या विषयासाठी घेण्यास विद्यार्थ्यांना प्रोत्साहन द्यावयाचे आहे आणि त्यातील निम्मे त्याच्या मुख्य विषयाशी निगडित असावेत, अशी अपेक्षा आहे. संधी मोठी आहे, धोकाही तेवढाच आहे. हे श्रेयांक गौरवपर व्याख्यानांत आणि पाठांतरात खर्ची पडले, तर धोरणाचे विरोधक हसतील आणि विद्यार्थी कंटाळतील. तंबोरा संस्कृतीच्या तासाला न ठेवता पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, नादकाट्याच्या शेजारी ठेवला पाहिजे.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा कोरणारे आणि जवारी लावणारे हात तेथे आजही आहेत. अशा कारागिराला वर्षातून चार दिवस सन्मानाने, मानधन देऊन महाविद्यालयात बोलवावे. तो जवारी लावेल, प्राध्यापक आलेख काढतील आणि विद्यार्थी दोघांना प्रश्न विचारतील. महाविद्यालयांच्या संचालक मंडळांवर आपल्यापैकी अनेकजण काम करतात. येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात एक तंबोरा आणि एक तबलाजोडी प्रयोगशाळेच्या साहित्यात लिहिण्यास त्यांना कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार आहे?