शांततेसाठी तुम्ही काय सोडता?



युद्ध थांबले की शांततेच्या उदात्त योजना निघतात. त्या बारगळल्या की शहाणी माणसे म्हणतात, आदर्शवाद व्यवहारात टिकत नाही. हे साफ खोटे आहे. पहिल्या महायुद्धानंतरची, १९१९ सालची पॅरिसची शांतता परिषद पाहा.

अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी चौदा कलमे मांडली : गुप्त करार नकोत, समुद्र सर्वांना खुले, वसाहतींच्या प्रश्नात तिथल्या जनतेच्याही हिताचा विचार. याच कलमांच्या भरवशावर जर्मनीने शस्त्रसंधी मागितली. पुढे काय झाले? समुद्राचे कलम ब्रिटनने शस्त्रसंधीआधीच बाजूला ठेवायला लावले. इटलीच्या खिशात १९१५ चा लंडनचा गुप्त करार होताच. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत मिळाले नाहीत, जपानला मिळाले. चीनने परिषदेत ठरलेल्या तहावर सही केली नाही. दोस्त राष्ट्रांना दिलेले युद्धकर्ज सोडायला खुद्द अमेरिका तयार नव्हती. मग फ्रान्सने तरी जर्मनीकडून घ्यायची युद्धभरपाई कशी सोडावी?

११ एप्रिल १९१९ ची रात्र आठवा. परिषदेत आकाराला येत असलेल्या राष्ट्रसंघाच्या सनदेचा मसुदा करणाऱ्या समितीत जपानने राष्ट्रांच्या समानतेचे एक वाक्य प्रस्तावनेत घालायला सांगितले. सतरापैकी अकरा मते बाजूने पडली. ब्रिटनचा विरोध होता. अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती सूचना फेटाळली. एक वाक्य, तेही प्रस्तावनेतले! दोनच दिवसांनी त्याच ब्रिटनच्या राजवटीत जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या.

दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांना प्रतिनिधी निवडले होते. ते लंडनमध्येच होते, पण सरकारने त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन धाडले आणि हिंदुस्थानसाठी स्वयंनिर्णय मागितला. तहावर हिंदुस्थानच्या नावाने सह्या झाल्या त्या ब्रिटिश मंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या.

तत्त्व हरलेल्यांना लावले, जिंकलेल्यांना नाही. तह तिथे नासला, आदर्श उंच होता म्हणून नव्हे.

म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे. उद्या कुणी शांततेचा मसुदा घेऊन पुढे आला, तर त्याची प्रस्तावना वाचून टाळ्या वाजवू नका. तो स्वतः कोणता मुलूख, कोणते कर्ज, कोणता नकाराधिकार सोडतो आहे, ते त्याला भर सभेत विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाठिंबा देऊ नका.