एकीचा करार आणि एकीची पंगत

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली वेगळी नावे बाजूस ठेवली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हे एकच नाव धारण केले. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली ही घटना आमच्या सुशिक्षित वर्गाला आजही फारशी ठाऊक नाही. आपल्या गावचा दवाखाना मिशनचा, आपली शाळा मिशनची, एवढाच काय तो बहुतेकांचा त्या समाजाशी संबंध. ते मिशन कोणाचे, शेजारच्या जिल्ह्यातले मिशन निराळे का, आणि ही निराळी माणसे एकत्र येण्यास इतकी वर्षे का लागली, हे प्रश्न आपण कधी विचारलेच नाहीत. ते आज पहिल्या पानावर विचारण्याचे कारण असे की, ऐक्याचा करार करणे आणि ऐक्याने राहणे यांत अंतर किती असते याचा हिशेब या मंडळ्यांच्या इतिहासात जितका स्वच्छ मांडलेला आढळतो, तितका आमच्या राजकीय पक्षांच्या विलीनीकरणांतही आढळत नाही. आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही.

प्रथम त्या दिवसाचे मोल नीट ध्यानी घेतले पाहिजे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या माणसाने तो आपणहून घ्यावा, या वादापायी १५२७ साली झुरिक नगराने फेलिक्स मान्झ याला नदीत बुडवून मारले होते. मंडळीवर बिशप असावा की नसावा, या प्रश्नावरून १६३९ साली स्कॉटलंडने आपल्याच राजाविरुद्ध शस्त्र उचलले होते. युरोपने ज्या भेदांसाठी रक्त सांडले, ते भेद बाळगणारी माणसे नागपुरात एका छपराखाली आली. अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल पंथीयांनी पूर्वीच मिळून स्थापलेली संयुक्त मंडळी आली, बॅप्टिस्ट आले, ब्रदरन आले, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आले, डिसायपल्स आले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. पाळकांपैकी कोणाची दीक्षा खरी आणि कोणाची उणी, हा निवाडा करण्याचे त्यांनी टाळले. प्रार्थनापूर्वक परस्परांच्या मस्तकी हात ठेवून सर्वांची सेवा एक करून घेतली. १९२९ साली लखनौ येथे आरंभलेल्या वाटाघाटींचे हे फळ होते. एकेचाळीस वर्षांचे बोलणे! मात्र त्या बोलण्यात वर्षानुवर्षे सहभागी असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी मागे फिरली, आणि १९८१ पासून ती आपल्या स्वतंत्र नावाने नांदत आहे.

मुळात हे भेद आमच्या मातीत उगवलेलेच नव्हते. परदेशी मिशनांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून मुलूख वाटून घेतला होता. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे बोस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणे केले. नाशकात लंडनची चर्च मिशनरी सोसायटी होती, जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या हातून स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य चाले, कोल्हापुरास अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते, डहाणूकडे ब्रदरन. नगर जिल्ह्यातील एखाद्या अस्पृश्य गणलेल्या कुटुंबाने ख्रिस्ताचा स्वीकार केला म्हणजे ते आपोआप काँग्रिगेशनल होई. तेच कुटुंब नाशकास असते तर अँग्लिकन झाले असते. क्रॉमवेलच्या काळच्या इंग्रजी कलहाशी त्या बापड्यांचा संबंध काय? पण कलह वारशाने मिळाला खरा. नगरच्या मुलखात पुढे एका इंग्रज अँग्लिकन संस्थेने पाऊल टाकले, तेव्हा त्या दोन मिशनांत जी धुसफूस झाली, तिचा खुलासा ती दोन मिशने आपल्या नव्या अनुयायांना कोणत्या तोंडाने करीत असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांना बुचकळ्यात पाडले ते पंथांच्या या बाजाराने. प्रभू एक, ग्रंथ एक, आणि प्रत्येक दारावर पहारेकरी मात्र निराळा! शास्त्र्यांची मतमतांतरे बालपणापासून ऐकलेल्या त्या विदुषीला हा देखावा काही अगदीच अपरिचित वाटला नसेल. तिने पुढे केडगावचे मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही, यातच तिचे उत्तर आले.

दक्षिणेत उत्तराचा शोध दुसऱ्या वाटेने चालला होता. व्ही. एस. अझरिया हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप. बिशप होण्यापूर्वी दोन वर्षे, १९१० साली, एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत त्यांनी गोऱ्या बांधवांना तोंडावर सांगितले की, तुम्ही आम्हांला पुष्कळ दिले, स्नेह मात्र दिला नाहीत. या भाषणाने त्या सभेत अस्वस्थता पसरली होती. याच अझरियांच्या पुढाकाराने १ व २ मे १९१९ रोजी तरंगंबाडी येथे तेहतीस जण जमले. दोघे सोडले तर सारे भारतीय. १७०६ साली पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी जेथे उतरले, तेच हे गाव. फुटलेल्या मंडळ्या घेऊन या देशाला एकीचा संदेश कसा सांगावा, ही त्यांची तळमळ होती. या बैठकीपासून 'चर्च ऑफ साउथ इंडिया' साकार होण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच, आणि उत्तरेत फाळणीचा वणवा भडकलेला असताना, मद्रासेत बिशप मानणाऱ्या व बिशप न मानणाऱ्या मंडळ्या एक झाल्या. ते पाहण्यास अझरिया राहिले नव्हते. १ जानेवारी १९४५ रोजीच ते निवर्तले.

तरंगंबाडीची बैठक उठली आणि आठवडाभरातच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी देह ठेवला. हा योगायोग खरा, पण अर्थपूर्ण आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला ख्रिस्तभक्त शेजारी शेजारी बसावा, अशी त्यांची इच्छा होती. तरंगंबाडीचे लोक करार लिहीत होते. टिळक पंगत मांडीत होते. आमच्या मते टिळकांची वाट अधिक दूरवर पोहोचली. त्यांची पदे आज 'उपासना संगीता'तून सर्व पंथांचे मराठी ख्रिस्ती गातात. टाळ-मृदंगावर भजन रंगले म्हणजे गाणारा मेथडिस्ट की अँग्लिकन हे कोण विचारतो? मंडळ्यांच्या घटना एक होण्यापूर्वी त्यांचा स्वर एक झाला होता, आणि तो अभंगाच्या चालीवर झाला होता, याचा आम्हां मराठी भाषिकांना अभिमान वाटावा.

हीच गोष्ट शुश्रूषेची. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० साली आरंभलेले काम पुढे अनेक पंथांच्या मंडळ्यांनी मिळून चालविले, म्हणूनच ते एवढे वाढले. रोगी खाटेवर असता वैद्याचा पंथ आड येत नाही.

रोमन कॅथलिक मंडळीशी प्रॉटेस्टंटांचे नाते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयी आपली भूमिका मांडली, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लुथरन यांनी साडेचारशे वर्षांहून जुन्या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर संयुक्त निवेदनास सही केली. तरीही वसईचा कॅथलिक व नगरचा प्रॉटेस्टंट एका वेदीवरचे प्रभुभोजन आजही घेऊ शकत नाहीत. तो प्रश्न श्रद्धेचा आहे; तो त्यांनी आपल्या गतीने सोडवावा. बाहेरच्याने त्यात उतावीळ होऊ नये.

परंतु जे प्रश्न श्रद्धेचे नाहीत त्यांचे काय? ज्या सहा मंडळ्या नागपुरात एक झाल्या त्यांत ब्रदरन, म्हणजे 'बंधुजन', होते. प्रीतिभोजनास बसण्यापूर्वी एकमेकांचे पाय धुण्याची सुंदर रीत जपणारा हा पंथ. त्यांच्या गुजरातेतील मंडळीने विलीनीकरणाचा ठराव केला, पण काही सभासदांना तो मान्य नव्हता. प्रार्थनामंदिरे व जमिनी कोणाच्या, यावर दावे सुरू झाले. २००५ साली आणि पुन्हा २०१३ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने शेवटी सांगितले ते इतकेच की, नुसत्या ठरावाने न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते. म्हणजे एकेचाळीस वर्षे बाप्तिस्मा, बिशप व दीक्षा यांवर काथ्याकूट झाला, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतील कागद मात्र राहून गेले! विरोध करणाऱ्यांना आम्ही सरसकट दोष देणार नाही. आपल्या वाडवडिलांनी बांधलेले मंदिर वरच्या समितीच्या ठरावाने आपले राहत नाही, ही वेदना खोटी नसते. आपल्याला न विचारता जी एकी घडते, ती माणसाला आपली वाटत नाही. करिंथच्या मंडळीतले बंधू एकमेकांस न्यायासनापुढे ओढतात म्हणून पौलाने त्यांची कानउघाडणी केली होती. ते पत्र आजही मंडळ्यांतून वाचले जाते, आणि दावेही चालू राहतात.

दुसरा प्रश्न याहून जुना व आमच्या घरचा. पंथभेद जहाजातून आले. जात येथेच होती. धर्मांतराने ती गेली, असे म्हणण्याची सोय नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळे कसे हळूहळू व किती कष्टाने सुटले ते मोकळेपणाने सांगितले आहे. सर्वांच्या अंगी तेवढा प्रांजळपणा नसतो. तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या धोरणपत्रात मंडळीतील दलितांच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाची कबुली दिली, आणि दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल, अँथनी पूला, त्या पदावर पोहोचण्यास २०२२ साल उजाडावे लागले. सरकारनेही हात झटकले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यांच्या या मागणीसाठी सर्व मंडळ्या सभांतून एक होतात, हे चांगले आहे. पण बिशपाच्या निवडणुकीत, पाळकांच्या बदलीत, मुलीच्या लग्नात ज्यांना कोण कोणत्या घरचा हे अचूक ठाऊक असते, त्यांच्या त्या एकीला कितीसे वजन येणार?

ख्रिस्ती समाजाला उपदेश करण्याचा आमचा अधिकार मर्यादित आहे, हे आम्ही जाणतो. ज्या समाजाने त्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजात आम्ही बसलो आहोत. तरीही शेजाऱ्याच्या नात्याने एक सूचना करावीशी वाटते. दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा सप्ताह पाळला जातो. संयुक्त उपासना होते, बिशप शेजारी शेजारी उभे राहतात. येत्या सप्ताहात त्याच उपासनेनंतर प्रत्येक मंडळीने आपल्या न्यासाची मालमत्ता, तिचे उत्पन्न आणि तिच्यावर चालू असलेले दावे सभासदांपुढे मराठीत वाचून दाखवावे. मंडळी विरुद्ध मंडळी अशा दाव्यांची एक यादी नागपुरात नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसच्या कचेरीत करावी आणि दोन्ही बाजूंना मान्य अशा पंचांकडे ती सोपवावी. त्यानंतर त्या सभेतल्या सर्वांनी, वाडी-वस्तीवरून आलेल्यांसह, तेथेच एका ओळीत बसून जेवावे. जेवण साधे असले तरी चालेल. वाढणारे मात्र बिशप व विश्वस्त असावेत.