पत कुणाची, मालकी कुणाची?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कोणी प्रथमच मोटार घ्यावयास निघाला, की त्याला मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : मारुती घ्या. कारणेही ठरलेली असतात. ॲव्हरेज चांगला, दुरुस्तीचा खर्च कमी, सुटे भाग नारायणगाव, मंचर वा आळेफाटा येथे हमखास मिळतात, आणि विकावयास काढली तर गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. टोमॅटोचे किंवा कांद्याचे दोन पैसे हाती आलेल्या शेतकऱ्याचे हे मत व्यवहारी आहे. ते चूक आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मला विचारावयाचे आहे ते इतकेच, की ही पत कोणी कमावली आणि आज तिची मालकी कोणाकडे आहे?

प्रश्नाला निमित्तही आहे. सुझुकी कंपनीची सूत्रे चार दशकांहून अधिक काळ सांभाळणारे ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी निधन पावले आणि पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. या सन्मानाबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. मात्र एका दूरदर्शी उद्योगपतीने मध्यमवर्गाच्या दारात मोटार आणून उभी केली, अशी जी कथा त्यानिमित्ताने पुन्हा सांगितली गेली, ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी सांगणे आपले काम आहे.

सुझुकीचा प्रारंभ मोटारीने नव्हे, मागाने झाला. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली जपानमधील हामामात्सु येथे मागांचा कारखाना काढला. १९२० साली त्याची कंपनी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी वाहनांकडे वळली. १९५२ साली इंजिन लावलेली सायकल आणि १९५५ साली ‘सुझुलाइट’ ही छोटी मोटार तिने बाजारात आणली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की युद्धोत्तर जपानच्या सरकारने छोट्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग ठरवून त्यांना करात सवलती दिल्या होत्या. सुझुकीची छोटी मोटार वाढली ती या सरकारी धोरणाच्या आश्रयाने. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान सहसा उलटलेले नसते.

भारतातील कथा तर याहूनही बोलकी आहे. त्या काळी उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मुंबईची पद्मिनी एवढ्यांवरच देश भागवीत होता आणि गिऱ्हाइकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा रिवाज होता. संजय गांधींच्या ‘मारुती लिमिटेड’ या १९७१ सालच्या खासगी कंपनीने स्वस्त मोटारीचे स्वप्न दाखविले. पण मोटार काही बाजारात आली नाही. सत्तेच्या सावलीत वाढलेला तो उद्योग १९७७ नंतर बुडाला. १९८० साली संसदेने कायदा करून त्याची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ साली ‘मारुती उद्योग’ ही सरकारी कंपनी जन्मास आली. १९८२ साली सुझुकीशी करार झाला, तेव्हा तिचा वाटा २६ टक्के होता. उरलेले भांडवल जनतेचे होते. जोखीम मुख्यतः जनतेची होती. कंपनी उभी करणारे व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव हे दोघेही ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’ या सरकारी कारखान्यात काम करून आलेले होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मोटारीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आली.

सुझुकीने काय दिले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तंत्र दिले, कामाची शिस्त दिली; साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच उपाहारगृह, ही गोष्टही आपल्या कारखानदारीला नवी होती. पण प्रारंभी सुटे भाग जपानहून येत. ते टप्प्याटप्प्याने येथेच तयार झाले पाहिजेत, हा आग्रह भारत सरकारच्या धोरणाचा होता. या आग्रहातून सुटे भाग तयार करणारे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. नारायणगावच्या दुकानात आज जो भाग लगेच हाती पडतो, त्यामागे हा इतिहास आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे अविश्वास वाढून चांगल्या गाडीलाही भाव मिळेनासा होतो, असा त्याचा आशय. या अविश्वासावर एक उतारा म्हणजे नाव. गावोगावच्या मिस्त्रीला जिचे इंजिन तोंडपाठ आहे, तिच्यातील दोष फार काळ लपत नाही; म्हणूनच जुनी मारुती विश्वासाने विकली जाते. ही पत जाहिरातीने आलेली नाही. झाडाखाली गॅरेज थाटून बसलेल्या, कसलीही पदविका नसलेल्या हजारो मिस्त्रींनी ती आपल्या हातांनी घडविली आहे. कंपनीच्या ताळेबंदात त्यांचे नाव कोठेही नाही.

आता मालकीकडे वळू. सुझुकीचा वाटा १९८९ साली ४० टक्के आणि १९९२ साली ५० टक्के झाला. २००२ साली सरकारने एक हजार कोटी रुपये घेऊन कंपनीचे नियंत्रण सोडले आणि २००७ साली आपले उरलेसुरले भाग विकून टाकले. त्याच वर्षी ‘मारुती उद्योग’ची ‘मारुती सुझुकी’ झाली. सरकारला पैसे मिळाले, कारखाने देशातच राहिले, निर्यात वाढली, हे सर्व खरे आहे. तरीही हिशेब असा उरतो, की धंदा चालेल की नाही याची शंका होती तेव्हा भांडवल मुख्यतः जनतेचे होते. आणि धंदा चालतो हे सिद्ध झाल्यावर नफा खासगी झाला. तोट्यातले उद्योग सरकारच्या गळ्यात आणि फायद्यातले भांडवलदाराच्या ओटीत, या न्यायाचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

मालकीचा प्रश्न नुसता पैशाचा नाही, हे आंबेगाव तालुक्याला वेगळे सांगावयास नको. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड नेणाऱ्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि हुतात्मा झाले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांची स्वदेशी म्हणजे मालावर कोणता छाप आहे एवढ्यापुरती नव्हती. त्या मालापायी कोणाच्या पोटाला चिमटा बसतो, हा त्यामागचा प्रश्न होता. तोच प्रश्न मोटारीला लावून पाहावा.

मानेसरच्या कारखान्यात २०११ साली कामगारांनी स्वतंत्र संघटनेची मागणी केली. कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनातील तफावत हेही असंतोषाचे एक मूळ होते. संप झाले, टाळेबंदी झाली, ‘सद्वर्तना’च्या हमीपत्रावर सही करा, मगच आत या, असे कामगारांना सांगण्यात आले. १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसाचार आणि जाळपोळ झाली व अवनीश कुमार देव या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु पुढे काय झाले? पाचशेहून अधिक कायम कामगार कामावरून काढले गेले. १४८ कामगारांवर खटला चालला आणि मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांतील ११७ जणांना निर्दोष ठरविले. ३१ जण दोषी ठरले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली. निर्दोष ठरलेल्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. एकाच उपाहारगृहात जेवण्याची समता कंत्राटी कामगाराच्या पगारापर्यंत पोहोचली नाही. गाडीची पत ठरविताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, ते जोडणाऱ्याचा ऐकत नाही.

या पतीची आणखी एक मर्यादा आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचण्यांत २०१४ साली आल्टो व स्विफ्ट यांच्या सुरक्षेच्या साध्या सोयींच्या आवृत्त्यांना आणि २०१६ साली ईकोला एकही तारा मिळाला नाही. तेव्हाही या गाड्यांचा खप चांगला होता. १९८४ पासून चालत आलेली व्हॅन, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले, ती २०१९ साली बंद झाली, ती सुरक्षेचे सरकारी नियम कडक झाल्यावर. पुढे २०२४ साली नव्या डिझायरला पाच तारे मिळाले. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती. बाजाराने ती आपणहून मागितली नाही, एवढेच.

आणि ज्यांना गाडी घेणेच शक्य नाही, त्यांचे काय? कालव्याच्या पाण्याने पूर्व भागात पैसा आला, दारात मोटारी आल्या. पश्चिमेला आहुपे, घाटघर या बाजूच्या आदिवासी वाड्यावस्त्यांतील माणसाला आठवड्याचा बाजार, कॉलेज किंवा दवाखाना गाठावयाचा, तर एस. टी. तरी हवी किंवा माणसे कोंबून भरलेली खासगी गाडी तरी. २०२१-२२ च्या एस. टी. संपात या खासगी गाड्यांवाचून गत्यंतर नव्हते. त्या चालकांना दोष देण्यात अर्थ नाही. तेही कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेले कष्टकरीच आहेत. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मिळालेला मोफत प्रवास, स्त्रियांना २०२३ पासून मिळालेले अर्धे तिकीट आणि शाळकरी मुलींचा मोफत पास या सवलती एस. टी.तच चालतात. जेथे एस. टी. जात नाही, तेथे त्या केवळ कागदावरच राहतात.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. पश्चिम पट्ट्यातील प्रत्येक वाडीची यादी करा : एस. टी.च्या फेऱ्या किती, त्यांच्या वेळा कॉलेजला आणि दवाखान्याला सोयीच्या आहेत काय, खासगी गाडीला भाडे किती पडते, रात्री आजारी माणसाला कसे नेतात. ग्रामसभांचे ठराव घ्या आणि ही यादी घेऊन नारायणगावच्या आगारात व पुण्याच्या विभागीय कार्यालयात जा. १९४८ पासून चालत आलेली एस. टी. अजून आपल्या मालकीची आहे. मारुतीची पत आपण कमावून दिली आणि मालकी गमावली, एस. टी.ची मालकी हाती आहे तोवर तिची पत सांभाळणे आपल्याच हाती आहे.